खेळ किती वाजता सुटतो? थिएटरात माणसं परत आणण्यासाठी

गोव्यातली थिएटरं ओस का पडली असं कुणालाही विचारा, 'मोबाइल' किंवा 'ओटीटी' एवढ्यावर विषय संपतो. मी उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावी जुन्या थिएटरात आधी तिकीट खिडकीवर बसत होते, आता तिथंच मॅनेजर आहे. खिडकीतून जे दिसतं ते वेगळं आहे. ज्याच्या हातात मोबाइल आहे तोच माणूस जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत बसून बघतो, तियात्राचं, म्हणजे कोकणी संगीतनाट्याचं, तिकीट काढतो, नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी पणजीला रांगेत उभा राहतो. घराबाहेर पडून चारचौघांत बसून बघण्याची हौस गोंयकाराची गेलेली नाही. आपल्याकडे तो येत नाही, आणि त्याचं कारण पडद्यावर फार कमी वेळा सापडतं. ते सापडतं बसच्या वेळेत, बायकांच्या संडासात, खुर्चीच्या वासात, तिकिटाच्या दरात. ही कारणं एकेक करून शोधायची आणि दूर करायची. एक-दोन पडद्यांचं थिएटर चालवणाऱ्यांसाठी आणि रवींद्र भवनात किंवा गावच्या सभागृहात खेळ लावणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे.

खिडकीवरून परत गेलेला माणूस टिपून ठेवा

डीसीआर, म्हणजे रोजच्या वसुलीचा तक्ता, आपण रोज भरतो. किती तिकिटं गेली, किती गल्ला झाला, वितरकाला किती, सरकारला किती, सगळं त्यात असतं. चौकशी करून तिकीट न काढता निघून गेलेला माणूस मात्र त्यात कुठंच नसतो, आणि आपल्याला हवा आहे तो नेमका तोच. म्हणून खिडकीवर एक साधी शंभर पानी वही ठेवा. रकाने चारच: किती जण आले, कुठल्या गावचे, काय विचारलं, का गेले. फोनवर विचारणाऱ्यांचीही नोंद त्यातच करा. खिडकीवरच्या मुलाला बजावून सांगा, वाद घालायचा नाही, समजूतही घालायची नाही, फक्त लिहायचं.

थोड्याच दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसायला लागतो. आमच्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "बाय, खेळ कितल्याक सोंपता?", म्हणजे खेळ किती वाजता संपतो? पिक्चर कुठला, हिरो कोण, हे त्याच्या नंतर.

आपल्याकडे फिरकतच नाहीत त्यांनाही गाठायला हवं. टेलरकडे, दुधाच्या बूथवर, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, भजनी मंडळात. "तुम्ही थिएटरात का येत नाही?" असं विचारलंत तर समोरचा माणूस भिडेखातर "वेळच मिळत नाही हो" म्हणतो आणि आपण तिथंच अडकतो. त्यापेक्षा असं विचारा: थिएटरात शेवटचा पिक्चर कुठला बघितला, कुणाबरोबर गेला होता, आणि घरी कसे परतलात? तिसऱ्या प्रश्नाला लोक भरभरून बोलतात. पावसात भिजल्याचं, पायलटवाल्याने (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याने) जास्त पैसे घेतल्याचं, दोघी बहिणींना घ्यायला भाऊ आल्याचं. तुमच्या थिएटरात काय दुरुस्त करायला हवं ते त्या बोलण्यात असतं.

आधी सुटण्याची वेळ ठरवा, मग सुरू होण्याची

गोव्यात संध्याकाळनंतर बस मिळणं किती कठीण आहे हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. कितीतरी वाड्यांची शेवटची गाडी साडेसात-आठला सुटते. आणि आपण काय करतो, तर मुंबईतल्या वेळापत्रकाप्रमाणे साडेसहाचा खेळ लावतो, जो सुटतो साडेनवाला. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी हा खेळ मुळात लावलेलाच नाही. कॉलेजची मुलं, दुकानात काम करणाऱ्या मुली, म्हातारी माणसं, ज्यांच्या घरी एकच स्कूटर आहे ती सगळी कुटुंबं यात वगळली जातात.

त्यावरची रीत सोपी आहे. एखाद्या संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन उभे राहा आणि कंडक्टरांना विचारा. फलकावरच्या वेळेवर विसंबू नका. रविवारी कुठली गाडी सुटतच नाही हे कंडक्टरच सांगतो. सरकारी कदंब बस असो वा खासगी, प्रत्येक मार्गाची शेवटची वेळ कागदावर उतरवा. मग उलटा हिशेब मांडा. समजा बहुतेक गाड्या आठपर्यंत जातात. म्हणजे माणूस पावणेआठला दाराबाहेर हवा. पिक्चर २ तास २५ मिनिटांचा, मध्यंतर १५ मिनिटांचं, जाहिराती आणि ट्रेलर मिळून १० मिनिटं. एकूण २ तास ५० मिनिटं. खेळ ४ वाजून ५५ मिनिटांनी सुरू व्हायला हवा, तर तुम्ही पावणेपाच लावा. पिक्चरची लांबी सेन्सॉर प्रमाणपत्रावर लिहिलेली असते, त्यासाठी अंदाज बांधायची गरज नाही. दर शुक्रवारी पिक्चर बदलला की ही वेळही नव्याने काढायची. वर्षभर तीच वेळ ठेवण्याचा हट्ट सोडून द्या.

बोर्डावर सुरू होण्याची वेळ जेवढ्या अक्षरांत लिहिता, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सुटण्याची वेळ लिहा. आणि लिहिलीत तर पाळा. जाहिराती लांबल्या तर जाहिराती कापा. एकदा माणसाची गाडी चुकली की तो स्वतः तर येत नाहीच, शेजाऱ्यालाही जाऊ देत नाही.

रात्रीचा खेळ बंद करा असं मी म्हणत नाही; स्कूटर आणि कारवाल्यांसाठी तो हवाच. शनिवारी रात्रीच्या खेळाला मात्र एखाद्या बसवाल्याशी बोलून बघा. गावागावांत लग्नाची वऱ्हाडं नेणाऱ्या मिनीबस आहेत, शनिवारी रात्री त्यांना काम असतंच असं नाही. एकच मार्ग धरा, जिथून तुमच्याकडे सगळ्यांत जास्त फोन येतात तो. तिकिटाबरोबरच बसची जागा विका आणि जागा भरल्या नाहीत तर उरलेले पैसे थिएटरने भरायचे असं आधीच ठरवून टाका, नाहीतर बसवाला दुसऱ्या आठवड्याला येत नाही. गाडीला त्या कामाचा परवाना आहे ना, एवढं पाहून घ्या. बसची सोय होत नसेल तर निदान नाक्यावरच्या पायलटांना रोज सुटण्याची वेळ कळवा. काळ्या-पिवळ्या मोटारसायकली चार-पाच जरी दारात उभ्या राहिल्या, तरी एकट्या आलेल्या माणसाला धीर येतो.

पार्किंगमध्ये उजेड हवा. शेवटची स्कूटर बाहेर पडेपर्यंत आपला एक माणूस तिथं उभा हवा, बाईमाणूस असेल तर आणखी चांगलं. याला पगाराखेरीज काही खर्च नाही आणि याचा उपयोग कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त होतो.

वेळेच्या बाबतीत आणखी एक गट हमखास सुटतो, तो कारखान्यांतल्या मुलांचा. कुंडई, मडकई, थिवी, पिळर्ण, होंडा, कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. सिंधुदुर्गातून, बेळगावकडून आलेली कितीतरी मराठी मुलंमुली तिथं काम करतात, खोली घेऊन राहतात. पहिली पाळी सुटून ती बाहेर पडतात तेव्हा अख्खी संध्याकाळ त्यांची असते. कंपनीची बस त्यांना नाक्यावर सोडते ती वेळ विचारून घ्या आणि आठवड्यातला एक खेळ त्याला धरून लावा. कंपनीच्या एचआरवाल्याला भेटलात तर वर्षातून एकदा अख्खं थिएटर भरून बुकिंग मिळण्याची शक्यता असते. त्यांनाही कामगारांसाठी काहीतरी करायचं असतं आणि क्रिकेटच्या सामन्यांपलीकडे त्यांना काही सुचत नसतं.

पावसाळ्यातली खुर्ची

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत जे होतं ते थिएटरात दुप्पट होतं. दारं बंद, काळोख, जाड पडदे, खुर्च्यांतला फोम. दोन दिवस खेळ झाला नाही की कुबट वास बसतो. आपण रोज आत वावरतो म्हणून आपल्याला तो येत नाही, पण नवीन माणसाला दाराशीच जाणवतो. रूम फ्रेशनर मारून तो जात नाही. उलट दोन्ही वास एकत्र होऊन डोकं दुखतं.

आम्ही काय करतो ते सांगते. शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातली खुर्ची घ्या, तिथं हवा सगळ्यांत कमी फिरते. बैठकीखाली हात घाला. फोम गार आणि ओलसर लागला तर वास तिथलाच आहे. कव्हर काढा, फोमच्या खालच्या बाजूला काळे ठिपके दिसले तर तो तुकडा फेकून द्या. बुरशी धुऊन जात नाही. बाकीची कव्हरं धुवायची ती ऊन असेल तेव्हाच. पावसाळ्यात अर्धवट वाळवून परत चढवलेलं कव्हर आधीपेक्षा वाईट वास मारतं. म्हणून गणेश चतुर्थीच्या आधी एक उघाड मिळते तेव्हा आणि मग ऑक्टोबरच्या कडक उन्हात, असं दोनदा हे काम काढायचं. खेळ नसलेल्या दिवशीसुद्धा एसी किंवा निदान एक्झॉस्ट पंखे तासभर चालवा. एसीच्या जाळ्या पावसाळ्यात जास्त वेळा धुवाव्या लागतात. विजेचं बिल दिसतं, पण वासामुळे न आलेल्या कुटुंबाचं बिल कुणी पाठवत नाही.

संडासाबद्दल एवढंच सांगते, की मॅनेजरने प्रत्येक मध्यंतराच्या आधी बायकांच्या संडासात कुणीतरी पाठवून पाणी, दिवा, कडी आणि कचऱ्याचा डबा या चार गोष्टी बघून घ्याव्यात. घरातली बाई "तिकडे नको" म्हणाली की चार तिकिटं जातात. कुठल्या थिएटरात जायचं हे आपल्याकडे बहुतेक घरांत तीच ठरवते.

पडद्यावरचा उजेड, छपरावरचा पाऊस

घरात पन्नास इंची टीव्ही आल्यावर माणूस अंधुक पडदा सहन करत नाही. डिजिटल सिनेमासाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं प्रमाण आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना होत जातो तसा उजेड घटतो, आणि दिवा महाग म्हणून तो शेवटपर्यंत ओढायची किंवा कमी करंटवर चालवायची सवय सगळीकडे आहे. सर्व्हिस इंजिनिअर येतो तेव्हा त्याला मीटर लावून आकडा लिहून द्यायला सांगा, तोंडी "बरा आहे" चालवून घेऊ नका. मीटर नसेल तर रात्रीचा एखादा प्रसंग लावा आणि शेवटच्या रांगेत बसा. नटाचे डोळे दिसायला हवेत.

दिवा बदलण्याआधी केबिनची काच पुसून बघा. आमच्या केबिनच्या खालच्या बाजूला स्टॉल होता, तिथल्या तळणाची वाफ वर चढायची आणि प्रोजेक्टरपुढच्या काचेवर तेलाचा पातळ थर बसायचा. ऑपरेटर मामांनी मऊ कापडाने ती काच दोन्ही बाजूंनी पुसली, तेव्हा नवा दिवा घातल्यासारखा फरक पडला. दुपारच्या खेळाला झरोक्यातून, दाराच्या फटीतून येणारं ऊनही पडदा फिका करतं. काळं जाड कापड लावायला फारसा खर्च येत नाही.

आवाजाचं दुखणं आपल्या हवेशी जोडलेलं आहे. जुन्या थिएटरांची छपरं पत्र्याची. जुलैतला पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की संवाद बुडतात. वर फॉल्स सीलिंग आणि त्यावर ग्लासवूल घातलं तर फरक पडतो, आणि हे काम मे महिन्याआधी व्हायला हवं. तोपर्यंत मुसळधार सरीपुरता ऑपरेटरने फेडर, म्हणजे आवाजाचं बटण, थोडा वर घ्यावा आणि पाऊस ओसरला की खाली आणावा. यासाठी ऑपरेटर केबिनमध्ये जागा असावा लागतो, खाली चहाला नव्हे. "गाणी मोठी, बोलणं ऐकू येत नाही" अशी तक्रार आली तर पडद्यामागचा मधला स्पीकर तपासा. बहुतेक संवाद तिथूनच येतात, आणि तो अर्धवट बिघडलेला असला तरी गाण्यात कळत नाही.

तिकिटाचा दर

सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला, आधी तो १२ होता. १०० रुपयांच्या वर १८ टक्के कायम आहे. ही रेषा नीट समजून घेतली तर दर ठरवणं सोपं जातं. मूळ दर ११० ठेवलात तर प्रेक्षकाला १२९ रुपये ८० पैसे पडतात. मूळ दर १०० केलात तर १०५. प्रेक्षकाचे जवळपास २५ रुपये वाचतात, आणि तुमच्या हिशेबातून जातात फक्त १०, त्यातही वाटणीवर पिक्चर घेतला असेल तर निम्मे वितरकाचे. चार जणांच्या कुटुंबाला शंभर रुपयांचा फरक पडतो. त्या पैशांत त्यांचा मध्यंतरातला चहा-वडा होतो, तोही तुमच्याच स्टॉलवर. आपल्या सीएकडून एकदा खात्री करून घ्या आणि निदान खालच्या रांगा या रेषेच्या आत आणा.

दर कमी केला की माणसं येतात हे देशभर दिसलेलं आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनाला ७५ रुपयांत तिकीट होतं, तेव्हा एका दिवसात सुमारे ६५ लाख माणसं थिएटरांत आली. पण एका दिवसाने सवय लागत नाही. तुम्ही आठवड्यातला एक वार धरा आणि तो वर्षभर सोडू नका. कुठला वार, ते तुमच्या गावच्या बाजारावर ठरवा. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, दुपारपर्यंत त्यांची खरेदी आटोपते. अशा दिवशी दुपारचा स्वस्त खेळ पिशव्या ठेवायला जागा देऊन लावता येतो. रविवारी दुकानं बंद, म्हणजे दुकानात काम करणाऱ्यांना तोच एक दिवस मोकळा. त्या दिवशी दर वाढवणं मला अन्यायाचं वाटतं.

ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क बसतं, म्हणून फोनवर नाव लिहून जागा राखून ठेवायची सोय हवीच. खेळाच्या पंधरा मिनिटं आधीपर्यंत थांबायचं, मग जागा सोडायची. हे साधं आहे, पण बोललेलं पाळणारा माणूस खिडकीवर लागतो.

कुठला पिक्चर, कुठल्या आठवड्यात

मोठा हिंदी पिक्चर पहिल्याच शुक्रवारी मिळवण्यासाठी आपण चारही खेळ त्यालाच देतो आणि पहिल्या आठवड्याची निम्मी वसुली वितरकाला. तालुक्याच्या गावाला हे दरवेळी परवडत नाही. मल्टिप्लेक्समध्ये ठरलेली वाटणीची पद्धत बघितली तर दुसऱ्या आठवड्यापासून वितरकाचा वाटा उतरत जातो, पन्नासवरून साडेबेचाळीस, मग साडेसदतीस टक्के. शिवाय एका आठवड्यात पिक्चर बरा की वाईट ते गावभर कळलेलं असतं. म्हणून काही पिक्चर जाणूनबुजून दुसऱ्या आठवड्यात घ्या आणि घासाघीस करताना पैशांपेक्षा वेळेची मागणी करा: मला दोनच खेळ हवेत, पण दुपारचा आणि संध्याकाळचा.

मराठीच्या बाबतीत मी याविषयी फार आग्रही आहे. मराठी पिक्चर सकाळी अकराला लावायचा, तीन दिवसांत उतरवायचा आणि "मराठीला प्रेक्षक नाही" म्हणायचं, हे मी इतकं बघितलंय की मला त्याचा संताप येतो. अकरा वाजता घरात चुलीवर भात असतो. मराठी पिक्चरचा प्रेक्षक म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब रविवारी दुपारनंतर मोकळं होतं. तो खेळ त्यालाच द्या आणि सलग दोन रविवार द्या.

प्रेक्षक शोधायचे तर नाटकवाल्यांकडे जा. गोव्यात जत्रेला मराठी नाटक बसवणारी मंडळी गावोगावी आहेत, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरणारे संघ आहेत. या लोकांना अभिनयातलं कळतं, ते एकटे येत नाहीत, आणि बघितलेल्यावर महिनाभर बोलतात. पिक्चर लागण्याआधी त्यांच्या तालमीला जाऊन सांगा. कधी एखाद्या खेळानंतर त्यांच्यातल्या जाणत्या माणसाला वीस मिनिटं बोलायला बोलवा.

कोकणी पिक्चर असेल तर इंग्रजी सबटायटलची प्रत मागा, म्हणजे गोव्यात राहणारी बाहेरची माणसंही येतात. पिक्चरची फाइल उघडायला डिजिटल चावी लागते, आणि सबटायटल असलेल्या प्रतीची ती वेगळी असते. वितरकाला आधी कळवलं नाही तर शुक्रवारी सकाळी फाइल आहे आणि उघडत नाही अशी पाळी येते. २४ एप्रिलला दरवर्षी एक कोकणी खेळ लावावा असं मला मनापासून वाटतं. १९५० साली याच तारखेला म्हापशाच्या जेरी ब्रागांझांचा 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोकणी चित्रपट लागला. आपल्याच मातीतल्या या गोष्टीचं निमित्त करून शाळा-कॉलेजं, तियात्रवाले आणि मराठी नाटकवाले एका छपराखाली येऊ शकतात.

जुना पिक्चर पुन्हा लावण्यातही अर्थ आहे. 'तुंबाड' २०१८ साली पहिल्यांदा आला तेव्हा जेवढा चालला, त्याहून जास्त सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा चालला. मधल्या काळात लोकांनी तो घरी बघितला होता आणि तरीही मोठ्या पडद्यावर बघायला ते आले. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची रीतसर परवानगी घ्या. पेनड्राइव्हवर कुठून तरी आणून खेळ लावणं बेकायदा आहे, आणि सभागृहवाल्यांनी तर याची दुप्पट काळजी घ्यावी.

आपलं कॅलेंडर

भिंतीवर कालनिर्णय लावा आणि त्यावर पेन्सिलने खुणा करा. चवथीच्या दिवसांत गोव्यात कुणी थिएटरात येणार नाही, तेव्हा कामगारांना खुशाल सुट्टी द्या. पण विसर्जनानंतर घरं मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी भरलेली असतात, चुलत-मावस भावंडांना एकत्र कुठंतरी जायचं असतं; तो शनिवार-रविवार वर्षातला सगळ्यांत चांगला. दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री, शिगम्याच्या मिरवणुकीला, कार्निव्हलला संध्याकाळचा खेळ लावून वीज जाळू नका. जत्रेच्या दिवशी तीनचा खेळ लावा, म्हणजे माणूस पिक्चर बघून जत्रेला जाईल. इफ्फी २००४पासून गोव्यात आहे. तो संपला की पंधरा दिवसांनी एक वेगळ्या धाटणीचा पिक्चर एकाच खेळापुरता लावून बघा. ज्यांनी नुकतेच रोज तीन-चार सिनेमे बघितलेत त्यांची भूक तेव्हा जागी असते.

मे महिन्यात मुलांचे खेळ सकाळी दहाला चालतात. शाळांचं बुकिंग मात्र शाळा सुरू असतानाच, आणि मुलं जेवणाच्या वेळेला घरी पोचतील असं. शिक्षकांना तिकीट लावू नका, आणि पिक्चर आधी मुख्याध्यापकांना दाखवा.

म्हाताऱ्या माणसांसाठी आठवड्याच्या मधल्या वारी तीनचा खेळ ठेवा. मुलं मुंबईला किंवा परदेशात आणि आईवडील मोठ्या घरात एकटे, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. बाल्कनीचे जिने त्यांना चढवू नका, खालच्या कडेच्या खुर्च्या द्या. दिवे हळूहळू मालवा, मध्यंतर वीस मिनिटांचं करा, चहा जागेवर द्या. या खेळाला तिकिटं कमी जातात, पण तीच माणसं दर आठवड्याला येतात.

स्टॉलवर बाहेरून आणलेल्या कोरड्या वेफर्सऐवजी गावातल्या महिला बचत गटाचे बटाटवडे, मिरची भजी ठेवा. खाद्यविक्रीची नोंदणी त्यांच्या नावाने करून घ्या, भाव फळ्यावर लिहा. पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं. जानेवारी २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय.

गुरुवारचा निरोप

वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात चालू ठेवा, पण खरा उपयोग व्हॉट्सॲपचा. ग्रुप करू नका, त्यात गुड मॉर्निंग सुरू होतं आणि लोक बाहेर पडतात. ज्यांनी स्वतः नंबर दिला त्यांचीच ब्रॉडकास्ट यादी करा, आणि तुमचा नंबर त्यांनी फोनमध्ये जतन केलाय ना ते बघा, नाहीतर निरोप पोचत नाही. आठवड्याला एकच निरोप, गुरुवारी संध्याकाळी. पोस्टर पाठवलं तरी खाली मजकूर असाच हवा:

"शुक्रवारपासून. मराठी, कौटुंबिक. सात वर्षांच्या वरच्या मुलांना चालेल, एक मारामारीचा प्रसंग आहे. रोज पावणेपाचला सुरू, सात चाळीसला सुटेल. शनिवारी रात्रीच्या खेळाला बस आहे, जागेसाठी आजच कळवा. खाली १०५ रुपये, वर थोडा जास्त. फोनवर नाव लिहून घेतो."

हा निरोप गेल्यानंतर दोन तास कुणीतरी फोनपाशी बसून राहायला हवं. "बस कुठून सुटेल?", "आईला गुडघेदुखी आहे, खाली जागा मिळेल?" असे प्रश्न त्याच वेळात येतात. प्रत्येकाला उत्तर द्या, आणि ज्याला नाही म्हणावं लागलं त्याचं नाव, गाव आणि कारण खिडकीवरच्या त्याच वहीत लिहा.